वरचं पाणी, खालचं पाणी

अक्षय ऊर्जा कंपन्यांची सामाजिक जबाबदारी, असा आजचा विषय पत्रिकेत छापला आहे. उंबरमाळीत या विषयावर बोलायचं तर सुरुवात मुंबईतल्या कार्यालयापासून करायची गरज नाही, ती चोंढ्यापासून करता येते.

डोळखांबच्या पुढे, कड्याच्या पायथ्याशी आपल्याच शहापूर तालुक्यात चोंढे आहे. बरोब्बर डोक्यावर, अकोले तालुक्यात, घाटघर. वर एक धरण, खाली एक धरण आणि मधल्या डोंगराच्या पोटात वीजघर. 125 मेगावॉटचे दोन संच 2008 मध्ये सुरू झाले. जपानच्या कर्जातून जलसंपदा विभागानं हे काम उभं केलं. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालचं पाणी पंपानं वर चढवायचं आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची, एवढंच तिथलं तंत्र. याला उदंचन म्हणतात.

ते किती पाण्याचं काम आहे, हे आपल्या मापात सांगतो. चारशे मीटर उंचीवरून हजार लिटर पाणी खाली सोडलं की साधारण एक युनिट वीज मिळते. हजार लिटर म्हणजे पंधरा लिटरचे जवळपास सदुसष्ट हंडे. इथल्या ज्या बाया एप्रिल-मेमध्ये विहिरीवरून टेकाडावरच्या पाड्यात हंडे चढवतात, त्यांना पाणी वर नेण्याची किंमत कुणी शिकवायला नको. यंत्रालाही ती चुकलेली नाही. पाणी चढवायला चार युनिट खर्च झाली, तर उतरताना तीन-सव्वातीनच परत मिळतात.

मग हा तोट्याचा व्यवहार करायचा कशाला? कारण सौरऊर्जा दुपारी मिळते आणि दिवे लागतात संध्याकाळी सातला. दुपारची वीज साठवली नाही, तर संध्याकाळी पुन्हा कोळसाच जाळावा लागेल. चंद्रपूर, कोराडीकडच्या लोकांनी वर्षानुवर्षं ती राख श्वासात घेतली आहे. म्हणून हे प्रकल्प हवेत, असं माझं स्पष्ट मत आहे. मी इथं विरोधाचं भाषण करायला आलेलो नाही.

पण आता सह्याद्रीच्या कड्याला कंपन्यांचीही मागणी आली आहे. आपल्या शिवेला लागून, इगतपुरी तालुक्यातल्या भावलीचंच बघा. जेएसडब्ल्यू समूहाच्या तिथल्या नियोजित 1500 मेगावॉटच्या प्रकल्पाची साठवण महावितरणनं चाळीस वर्षांसाठी घ्यायचं 2024 मध्ये ठरलं. चाळीस वर्षं म्हणजे आज अंगणवाडीत असलेलं पोर पन्नाशीकडे झुकेल. एवढ्या दीर्घ मुदतीच्या शेजाऱ्याशी बोलणी करताना आपल्याला त्याचे कायदे ठाऊक हवेत.

कंपनी कायदा 2013, कलम 135. मोठ्या कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची. हाच तो सीएसआर. त्यातून वह्या येतात, सौरदिवे येतात, रुग्णवाहिका येते. त्यांचं मोल मी कमी लेखत नाही. पण हिशोब कुठून सुरू होतो तेवढं पाहा. तो नफ्यापासून सुरू होतो. अशा प्रकल्पांसाठी बहुतेक वेळा वेगळी उपकंपनी काढतात. बांधकामाच्या काळात तिला नफा नसतो, आणि शून्याचे दोन टक्के शून्यच. सुरुंग उडतात, डंपर धावतात, विहिरीचं पाणी गढूळ होतं, घराच्या भिंतीला तडा जातो, तो सगळा काळ नेमका हाच. मूळ कंपनीचा पैसा असतो, पण तो याच गावात खर्च करा अशी सक्ती नाही. स्थानिक भागाला प्राधान्य द्यावं, एवढंच कायदा म्हणतो.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. मोठ्या जलविद्युत प्रकल्पांत राज्याला मोफत विजेचा वाटा मिळतो आणि त्यात स्थानिक विकासासाठी वेगळा एक टक्का धरण्याची तरतूद केंद्राच्या 2008 च्या धोरणात आहे. उदंचन प्रकल्पांना मात्र केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानं एप्रिल 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत यातून वगळलं. कारण काय दिलं? या प्रकल्पांचा पर्यावरणावर परिणाम अत्यल्प असतो आणि त्यात पुनर्वसनाचा प्रश्न येत नाही. डोंगर पाहण्याआधीच दिलेलं हे उत्तर मला मान्य नाही.

ऐकणाऱ्यांपैकी कुणाला वाटेल, पाण्यावरची वीज म्हणजे स्वच्छच की! मुळशीच्या मावळ्यांनाही 1921 मध्ये हेच ऐकवलं गेलं असणार. टाटांचं धरण मुंबईच्या गिरण्यांना वीज देणार होतं आणि ती वीज खरोखरच धुराविना होती. सेनापती बापट आणि त्यांचे सोबती रामनवमीला सत्याग्रहाला बसले, ते या विजेची किंमत कोण मोजतोय हे विचारायला. तिथं बऱ्याच जमिनी सावकारांच्या नावावर चढलेल्या होत्या. मोबदला नावाला मिळाला, नांगराला नाही.

ही गोष्ट शंभर वर्षं जुनी म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडे आजही किती ठाकूर, कातकरी, महादेव कोळी कुटुंबं दळी-वरकसावर नाचणी-वरई पिकवतात आणि सातबारावर त्यांचं नाव नाही? वनहक्काचे दावे 2006 च्या कायद्याखाली टाकले, त्यांतले किती निकाली निघाले? दावा लोंबकळत असताना मोजणीदार आला, तर कागदावर ती जमीन वनखात्याची आणि कसणारा कुणीच नाही. कंपनीची पहिली जबाबदारी इथं आहे. कागदावर नसलेला माणूस शोधून काढून त्याला मोजणीत धरायचं. सीएसआरमध्ये हा खर्च बसत नाही, कारण तो धंद्याचाच भाग आहे. माझं म्हणणं तेच आहे. तो धंद्याच्या खर्चातच यायला हवा, दानधर्मात नव्हे.

आणि पाणी. 1892 ला तानसा धरण झालं, नंतर मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा. मुंबईच्या घशाखाली उतरणारं बहुतेक पाणी शहापूरच्या बाजूनं जातं, आणि उन्हाळ्यात टँकर शहापूरच्याच पाड्यांत फिरतो. या तालुक्यानं फुकट द्यायचं ते देऊन झालं आहे. उदंचनात तेच पाणी पुनःपुन्हा फिरतं हे खरं, पण पहिली भरती नदीतूनच होते आणि उन्हानं उडालेलं पाणी दरवर्षी भरून काढावं लागतं. म्हणून करारातच लिहून घ्या, की साठ्यातलं ठरावीक पाणी पायथ्याच्या वाड्यांना आधी मिळेल, मेमध्ये मिळेल, आणि ते वर चढवायची वीजही कंपनी देईल. चारशे मीटर पाणी उचलणाऱ्या यंत्राला शेजारच्या पाड्यापर्यंत चाळीस मीटर उचलणं जड जाऊ नये.

शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना 2022-23 पासून दरवर्षी जबाबदारीचा एक विस्तृत अहवाल सेबीच्या नियमानुसार द्यावा लागतो. पाणी किती वापरलं, लोकांच्या तक्रारी किती आल्या, किती सुटल्या, सगळं त्यात असतं. तो बहुतेक वेळा इंग्रजीत असतो. आपल्या भागापुरती त्यातली पानं मराठीत मागा, आणि कंपनीच्या माणसानं ती ग्रामसभेत उभं राहून वाचावीत असा आग्रह धरा. आपला सगळा तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. पेसा कायद्यानं जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी सल्लामसलत करणं बंधनकारक आहे.

1 मेची ग्रामसभा जवळ आली आहे. विषय आधी लेखी द्यावा लागतो, आणि पोच घ्यायला विसरू नका. अर्जाचा मसुदा मी लिहून आणला आहे. मागच्या टेबलावर ठेवलाय, प्रत्येक पाड्यासाठी एक प्रत न्या.