सीलचे कातडे आणि आईचे दूध



आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत भूगोल शिकवला. नकाशात अगदी वर, उत्तरेच्या टोकाला, पांढरा रंग असे. मुले विचारीत, "गुरुजी, इथं कोण राहतं?" आम्ही म्हणत असू, "तिथं नुसतं बर्फ." ते उत्तर चुकीचे होते. तिथे माणसे राहतात. त्यांची हकीकत आज सांगतो.

त्या लोकांना इन्युइट म्हणतात. कॅनडा देशाच्या उत्तरेला नुनावुत नावाचा त्यांचा मुलूख आहे. आपल्या महाराष्ट्रासारखे सहा महाराष्ट्र त्यात बसतील. वस्ती मात्र थोडी. २०२१ च्या शिरगणतीत सारी मिळून ३७ हजार माणसेसुद्धा भरली नाहीत. गावे पंचवीस. बाहेरच्या मुलखाकडे जाणारी सडक नाही. माल विमानाने येतो, नाहीतर उन्हाळ्यात बर्फ वितळले की बोटीने.

तिथे ज्वारी नाही, भाजीपाला नाही. समुद्र हेच त्यांचे शेत. त्या समुद्रात सील नावाचा प्राणी असतो. राहतो पाण्यात, पण गाईम्हशीप्रमाणे पिलाला दूध पाजतो. त्याचे मांस खायचे, चरबी दिव्यात जाळायची, कातड्याचे कपडे आणि जोडे करायचे. शिकार झाली की मांस शेजारीपाजारी वाटायचे, अशी त्यांची जुनी रीत.

पुढे व्यापारी आले. कातडी घेऊन ते बंदुकीच्या गोळ्या, चहा, पीठ देऊ लागले. १९६० नंतर बर्फावर धावणारी मोटार आली. पूर्वी गाडी कुत्रे ओढीत. कुत्र्यांना मांस लागे, ते शिकारीतच मिळे. मोटारीला लागते पेट्रोल, आणि पेट्रोलला लागते रोकड. मग मांस घरात ठेवायचे आणि कातडे विकायचे, असे सुरू झाले. हिशेब जुळला. पण त्या हिशेबाची दोरी दूर युरोपातल्या गिऱ्हाइकाच्या हाती गेली.

मग काय झाले, ऐका.

कॅनडाच्याच दुसऱ्या भागात, न्यूफाउंडलंडकडे, मोठी जहाजे घेऊन लोक सीलची पांढरी पिले मारीत. त्याची चित्रे युरोपात लोकांनी पाहिली. त्यांना कळवळा आला. तो कळवळा काही खोटा नव्हता. १९८३ साली युरोपच्या देशांनी पिलांची कातडी आणण्यास बंदी केली.

इन्युइट तर मोठे सील मारीत, तेही दुसऱ्या जातीचे. कायद्यात त्यांना सूटही होती. पण गिऱ्हाईक कुठं एवढं बघतं? सीलचे कातडे म्हटले की नको. भाव कोसळला. २००९ साली पुन्हा बंदी आली, आता सगळ्याच सीलच्या मालावर. पुन्हा इन्युइटांना सूट. सूट कागदावर राहिली, गिऱ्हाईक काही परतले नाही.

आता घरातली गत पाहा. कातडे विकले नाही, म्हणून पेट्रोलला पैसा नाही. पेट्रोल नाही, म्हणून शिकार नाही. शिकार नाही, म्हणून खायचे ते दुकानातून आणायचे. दुकानातला माल दुरून आलेला, म्हणून फार महाग. २०१७-१८ साली पाहणी झाली, तेव्हा नुनावुतमधल्या अर्ध्याहून अधिक घरांना पुरेशा चांगल्या अन्नाची शाश्वती नव्हती. समुद्रात सील होते, आणि घरात उपास! बाजार दूर असला तरी तो असा चुलीपर्यंत येतो.

दुसरी गोष्ट विषाची.

आम्ही लहान होतो, तेव्हा हिवतापाची माणसे गावोगाव येत. घरात डी.डी.टी. फवारीत आणि भिंतीवर तारीख लिहून जात. तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना ते आठवत असेल. पुष्कळ देशांत शेतातही डी.डी.टी. मारीत. आपल्याकडे शेतातला वापर १९८९ साली बंद झाला. दुसरे असेच विष पी.सी.बी. पुष्कळ देशांत ते विजेच्या ट्रान्सफॉर्मरच्या, म्हणजे आपल्या डी.पी.च्या, तेलात वापरीत.

ही विषे लवकर नष्ट होत नाहीत. उन्हाने त्यांची वाफ होते, वाऱ्याबरोबर ती उत्तरेला जाते आणि थंडीत खाली उतरते. पाण्यातले बारीक जीव ती खातात, त्यांना मासा खातो, माशाला सील खातो. दर पायरीला विष वाढत जाते आणि चरबीत साठते. आणि सील माणूस खातो.

१९८० नंतरच्या वर्षांत उत्तर क्विबेकमधल्या इन्युइट आयांचे दूध तपासले. दक्षिणेच्या शहरांतल्या आयांच्या दुधापेक्षा त्यात पाचपट पी.सी.बी. निघाले. ज्या बाईने ते विष कधी डोळ्यांनी पाहिले नाही, तिच्या अंगावरच्या दुधात ते आले! काय करावे तिने? सील खाणे सोडावे, तर दुकानातले अन्न परवडत नाही. बाळाला पाजणे सोडावे, तर त्याहून चांगले दुसरे काही नाही. डॉक्टरांनीही पाजत राहा असेच सांगितले.

पण या वेळी लोक घरी बसले नाहीत. अशा विषांवर बंदी घालण्यासाठी देशोदेशींचे वकील जमत होते. तिथे इन्युइटांनी आपली माणसे पाठवली. शीला वॉट-क्लुटिए ही त्यांच्यातलीच एक बाई. १९९९ साली नैरोबीच्या सभेत तिने आई आणि मूल यांची एक कोरीव मूर्ती भेट दिली. पुढच्या बैठकांत ती मूर्ती अध्यक्षांच्या टेबलावर असे. बोलणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेसमोर आई आणि तिचे मूल! २००१ साली स्टॉकहोम शहरी करार झाला. उत्तरेच्या लोकांना या विषांचा विशेष धोका आहे, हे त्या कराराच्या आरंभीच लिहिले आहे. २००४ साली तो अमलात आला. जुने विष अजून पुरते गेलेले नाही, पण पुष्कळसे उतरणीला लागले आहे.

मंडळी, दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. कातड्याचा निर्णय इन्युइटांच्या पाठीमागे झाला. त्यांना सूट मिळाली, पण पोट भरले नाही. विषाच्या निर्णयाच्या वेळी त्यांचे माणूस समोर हजर होते. तिथे त्यांचे म्हणणे कागदावर उतरले.

कापसाचा आणि कांद्याचा भाव आपल्या गावात ठरत नाही, हे तुम्ही जाणता. जगाचा बाजार आपल्याला बंद करता येणार नाही. पण आपल्या पाण्याचा, रानाचा, गायरानाचा ठराव होत असेल, तेव्हा आपण तिथे असले पाहिजे. ग्रामसभेची नोटीस आता तुम्हांला वाचता येते. ती वाचा. जिला अजून वाचता येत नाही, त्या शेजारणीलाही वाचून दाखवा. आणि सभेच्या दिवशी दोघी मिळून जा.