पान फुकटचं, हात फुकटचे नाहीत

(प्रभाग संघाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



पत्रावळ कशी लावायची हे मी तुम्हाला सांगणार नाही. ते तुमच्या हाताला लहानपणापासून ठाऊक आहे. मला बोलायचंय ते हिशेबाबद्दल.

"पळसाला पाने तीनच" असं आपण म्हणतो. आपल्या गटांचंही तसंच आहे. कुठल्याही गावात विचारा, "मावशी, शंभर पत्रावळींना खर्च किती?" उत्तर एकच येतं, "खर्च कसला गं, पान तर जंगलातलं!"

पान फुकट, हे खरं. आता पुढचं मोजू. समजा, एका ताईने १०० पत्रावळी लावल्या. पानं तोडून गठ्ठा घरी आणायला २ तास. एका पत्रावळीला ३ मिनिटं धरली तर शंभराला ५ तास. झाले ७ तास, म्हणजे जवळजवळ एका दिवसाची मजुरी. शिवाय काड्या आणि गाडीभाडं मिळून ४० रुपये. व्यापाऱ्याने शंभराला १२० रुपये दिले, तर हातात राहिले ८०. म्हणजे तासाला साडेअकरा रुपयेसुद्धा नाहीत! हे आकडे समजण्यापुरते धरलेत. तुमच्या गावचे तुम्ही घाला.

तुमच्याकडे रोजाला ३०० रुपये मिळत असतील, तर त्याच शंभर पत्रावळींची खरी किंमत ३४० रुपये होते. एका पत्रावळीला ३ रुपये ४० पैसे.

काही जणी म्हणतात, "आम्ही रिकाम्या वेळात करतो, त्याचे कसले पैसे?" ताई, स्वयंपाक, गुरं, शेत, पाणी उरकून जो वेळ उरतो तो पाठ टेकायचा असतो. तो आपण विकतोय. मग त्याला भाव नको?

आता तुम्ही विचाराल, एवढा भाव देणार कोण? सगळेच देणार नाहीत, हे मीही सांगते. मशीनच्या कागदी प्लेटा स्वस्त पडतात. पण आपल्या राज्यात २०१८ पासून थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी आहे, आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या प्लेटा, पेले देशभर बंद झालेत. लग्नं, महाप्रसाद, सप्ताह यांना पर्याय लागतो. तिथे एकटीने १०० घेऊन जाण्यापेक्षा पाच गटांनी मिळून ५,००० ची ऑर्डर घेतली, तर भाव आपण सांगू शकतो आणि गाडीभाडंही वाटून जातं. एवढं करूनही मजुरी सुटत नसेल, तर व्यापाऱ्यासाठी रोज लावत बसू नका. ऑर्डर असेल तेव्हाच करा.

भाव मागायचा तर माल तसा हवा. कोवळं पान फाटतं, ते थोडं निबर होऊ द्या. फांदी छाटू नका, पान खुडा, म्हणजे पुढच्या वर्षीही झाड देईल. पानं सावलीत नीट वाळवा, ओल राहिली की बुरशी धरते. लावताना थोडं पाणी शिंपडून मऊ करा. तयार पत्रावळी एकसारख्या आकाराच्या निवडून वजनाखाली दाबून ठेवा. फाटक्या, भोकाच्या बाजूला काढा. एक गळकी पत्रावळ निघाली, की पंगतीत पूर्ण गठ्ठ्याचं नाव खराब होतं.

आणि पान चोरून आणल्यासारखं आणू नका. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासी आणि पिढ्यानपिढ्या जंगलावर जगणाऱ्या इतर कुटुंबांना गौण वनोपज गोळा करायचा, वापरायचा आणि विकायचा हक्क दिलाय. तुमच्या गावाचा सामूहिक दावा मंजूर झालाय का, हे ग्रामसभेत विचारा. नसेल, तर विषय पत्रिकेवर घ्यायला लावा. बायका उठून बोलल्या की विषय पुढे सरकतो.

पुढच्या बैठकीला येताना एकच काम करा. गटाच्या वहीत आणलेला माल आणि आलेले पैसे लिहितो, त्याशेजारी "तास" असा एक रकाना आखा. महिनाभर खरे तास भरा. लिहिता येत नसेल त्यांनी तासाला एक रेघ मारावी. त्या रेघा मोजून आपण सगळ्या मिळून भाव ठरवू, आणि तोच भाव सगळ्या गावांतून सांगू.