घरचे अन्न आणि गृहिणीचे ताट
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंबमेळाव्यात दिलेले भाषण)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून धर्मगुरूने चूल, परात आणि आमटी यांविषयी बोलावे याचे आपणांपैकी काहींस नवल वाटेल. ज्यांस संसार नाही त्यांनी संसाराचा हिशेब सांगू नये, असेही कोणी मनात म्हणत असेल. त्यावर आमचे उत्तर इतकेच, की या गावात आमच्याइतक्या निरनिराळ्या घरी जेवलेला मनुष्य क्वचितच सापडेल. आजऱ्याकडून आलेल्यांच्या घरचा घनसाळ भात, गोव्याकडून आलेल्यांच्या घरची पेज, येथील मूळच्या रहिवाशांची शाळूची भाकरी व खरडा, हे सर्व आम्हांस आपण प्रेमाने वाढले आहे. कोणत्या घरी पगार महिनाभर पुरतो आणि कोणत्या घरी वीस तारखेलाच संपतो, हे ताटावरून पुष्कळ अंशी कळते.

अलीकडे आम्हांस एक गोष्ट वारंवार दिसू लागली आहे. सायंकाळी चूल पेटत नाही. मुले पुडीतल्या शेवया दोन मिनिटांत उकळून खातात, वडील कोपऱ्यावरच्या गाड्यावर वडापाव खाऊन येतात आणि रात्री पुन्हा काहीतरी बाहेरून मागविले जाते. आम्ही यावर डोळे वटारण्यास उभे नाही. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यातून सात वाजता परतणाऱ्या स्त्रीस, तू आता दोन तास चुलीपुढे बस, असे सांगण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु अशा घरांतील खर्चाचा हिशेब आम्ही काही कुटुंबांबरोबर बसून मांडला आहे. भाडे, शाळेचे शुल्क व औषधे यांनंतर जी तूट येते, ती बहुधा या सायंकाळच्या फुटकळ खर्चातूनच आलेली असते. आणि ती भरून काढण्यास उसनवार होते. यास्तव हा विषय आम्हांस क्षुल्लक वाटत नाही.

काटकसर म्हणजे हलके व निःसत्त्व खाणे, असा एक समज आहे. तो खोटा आहे हे पाहावयास दूर जाण्याचे कारण नाही. कोल्हापूरचा तांबडा-पांढरा रस्सा आज दूरवर प्रसिद्ध आहे आणि हॉटेलवाल्यांनी त्यास श्रीमंती पक्वान्न बनविले आहे. परंतु त्याची घडण पाहा. मटण हळद, मीठ व आले-लसूण लावून शिजवावयाचे. त्याचे जे पाणी उतरते ते अळणी. त्यातील वाटीभर प्रथम लहान मुलांस, म्हाताऱ्यांस व आजाऱ्यांस. उरलेल्यापैकी काहींत नारळाचे दूध, खसखस व तीळ घालून पांढरा रस्सा, काहींत भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण व घरची कांदा-लसूण चटणी घालून तांबडा. आणि फोडींचे सुके. एका किलोत दहा-बारा माणसांची पंगत उठते आणि हाडाचा अंशही वाया जात नाही. आमच्या मते हे पक्वान्न मुळात काटकसरी गृहिणीच्या डोक्यातून निघालेले आहे. त्यावर चार बोटे तेलाचा तवंग असला म्हणजेच तो खरा, ही समजूत मागाहूनची. (रविवारी मटणाच्या दुकानापुढील रांगेत आपला क्रमांक मागे पडू नये म्हणून मिस्सेच्या अखेरच्या आशीर्वादापूर्वीच दाराबाहेर पडणारे काही बांधव आम्हांस ठाऊक आहेत. त्यांची नावे आम्ही येथे घेत नाही.)

हीच दृष्टी रोजच्या अन्नातही आहे. पुरणाची डाळ शिजली की तिचे पाणी टाकून न देता त्याची कटाची आमटी होते. पाव किलो मटकी भिजवून मोड आणली की ती अर्ध्या किलोच्या वर भरते, लवकर शिजते व पचावयास हलकी होते. हुलगा हे कोरडवाहू जमिनीत येणारे गरिबाचे धान्य. त्याचे माडगे पावसाळ्यात प्याले म्हणजे अंगात ऊब येते. गोव्याकडील घरांत आदल्या दिवशीचे कालवण मंद आचेवर आटवून सकाळी पावाबरोबर खातात व त्यास ‘काल्ची कडी’ असे प्रेमाने म्हणतात. शिळ्यास नाव ठेवण्याऐवजी त्याचे स्वतंत्र पक्वान्न करणारी ती बुद्धी आम्हांस फार आवडते. पाच हजारांचे जेवण झाल्यावर प्रभूनेही उरलेले तुकडे गोळा करावयास सांगितले होते, आणि त्या बारा टोपल्या भरल्या. ती भाकरही जवाची, म्हणजे गरिबांचीच होती.

भाकरीविषयी थोडे अधिक बोलणे भाग आहे, कारण ती करता न येणे हेच आता अनेक घरी चूल न पेटण्याचे कारण झाले आहे. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिवटपणा नसतो. म्हणून ते उकळत्या पाण्याने मळावयाचे. उष्णतेने त्यातील पिष्ट फुगते व पीठ एकमेकांस धरते. दळून फार दिवस झाले की पिठाची विरी जाते व थापताना भाकरीस भेगा पडतात. तेव्हा महिन्याचे दळण एकदम आणून ठेवणाऱ्या सुनेस सासूने हात वाईट म्हणून बोल लावू नये. दोष पिठाचा आहे. आठवड्यापुरतेच दळावे. एका किलो पिठात मध्यम आकाराच्या बारा-तेरा भाकरी होतात, आणि हात बसला म्हणजे चार माणसांच्या भाकरीस अर्धा तास पुरे होतो. आता खरे तेही सांगितले पाहिजे: शाळूचा भाव अलीकडे गव्हाहून चढा असतो, आणि रेशनवर मिळते ते मुख्यतः तांदूळ व गहू. गरिबाची भाकरी गरिबासच महाग झाली, ही मोठी विपरीत गोष्ट होय. ज्यांस रोज शाळू परवडत नाही त्यांनी आठवड्यातून तीनदा करावा, एरवी चपाती व घनसाळ नसला तर साधा भात खावा. त्यात कमीपणा नाही. मात्र नाचणी घरातून जाऊ देऊ नये. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे तितक्याच वजनाच्या दुधाच्या दुपटीहून अधिक. संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या सूचनेवरून २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून पाळले, तेव्हा कोठे शहरी लोकांस नाचणीची आठवण झाली. आजरा-चंदगडच्या आजीबाईंस ती कधीच विसरावी लागली नव्हती.

साठवणीविषयी एवढेच, की तिची किंमत सुखाच्या दिवसांत कळत नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात छत्रपती शाहू महाराजांस या संस्थानात स्वस्त धान्याची दुकाने उघडावी लागली. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो ज्वारी व कामावर मिळणारी सुकडी खाऊन दिवस काढले. ते दिवस पाहिलेली मंडळी आज या सभेत बसली आहेत. आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा शहरात शिरली, पुणे-बंगळूरचा रस्ता शिरोलीपाशी काही दिवस बंद पडला, दूध व भाजी मिळेनाशी झाली. पाण्यापासून वाचलेल्या ज्या घरांत डब्यात धान्य, हुलगे, शेंगदाणे, गूळ आणि बरणीत चटणी होती, त्या घरांनी आपलेच नव्हे तर शेजाऱ्यांचेही पोट भरले.

येथपर्यंत आपण सर्व आनंदाने माना डोलावीत आहात. आता जे बोलावयाचे आहे ते बोलण्यासाठीच आम्ही हा विषय घेतला.

आपल्या अनेक घरांतील काटकसर भांड्यात होत नाही, ती आईच्या ताटात होते. प्रथम पुरुष जेवतात, मग मुले, आणि भांड्याच्या तळाशी जे राहील ते ती खाते. सुके संपलेले असते, रस्सा पातळ उरलेला असतो, भाकरी अर्धी असते. विचारले तर ‘मला भूकच नव्हती, फादर’ असे ती आम्हांसही सांगते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रियांस रक्तक्षय असल्याचे आढळले. हा आकडा परक्यांचा आहे असे समजू नका. या सभेत बसलेल्या भगिनींपैकी किती जणींस जिना चढताना धाप लागते, हे त्यांचे त्यांस ठाऊक आहे. असा वाचविलेला पैसा पुढे औषधाच्या दुकानी जातो. मग ती काटकसर कसली?

उपाय महाग नाहीत. मोड आलेल्या मटकीवर लिंबू पिळावे, तेणेकरून तिच्यातील लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेऊ नये, तो लोहास अडवितो, तासाभराने घ्यावा. भाजी लोखंडी कढईत करावी. पालेभाजी रोज असावी, मग ती चाकवत असो वा शेवग्याचा पाला. आणि वाढावयाच्या आधी सर्वांची ताटे एकदम वाढून घ्यावीत, आईचेही. सर्वांनी एकत्र बसावे. हे शेवटचे करावयास दमडीही लागत नाही, आणि तेच करून घेणे सर्वांत कठीण जाते, असे आम्हांस दिसून आले आहे.

दुसरे असे, की दोघे कमावीत असतील तर दोघांनी रांधावे. ‘पुरुषाच्या हाताला चव नसते’ हे म्हणणे आम्हांस पटत नाही. आमच्या सेमिनरीत स्वयंपाक पुरुषच करीत आणि आम्ही सर्व जिवंत आहोत. सांगलीच्या कमलाबाई ओगले यांनी १९७० साली ‘रुचिरा’ लिहिले, त्यात मापे वाटी-चमच्याची दिली. ज्यास कधी आईजवळ बसून शिकावयास मिळाले नाही, त्यासही त्यावरून रांधता येते. तेव्हा मुलग्यांना अडाणी ठेवण्यास आता सबब उरली नाही.

यास्तव आम्ही असे ठरविले आहे, की येत्या रविवारी मिस्सेनंतर सभागृहामागील पडवीत बारा वर्षांवरील मुलग्यांस भाकरी शिकवावी. धर्मग्रामातील चार आजीबाईंनी ते कबूल केले आहे. पीठ ताजे दळून प्रत्येकाने घरून आणावे, अर्धा किलो पुरे. तवे आहेत, काटवटी मात्र दोनच आहेत, तेव्हा ज्यांच्या माळ्यावर जुनी लाकडी काटवट पडली असेल त्यांनी ती धुऊन आणावी. वडीलधाऱ्यांपैकी ज्यांस शिकावयाचे असेल त्यांनीही यावे. आम्ही त्यांस मागच्या रांगेत बसवू.