‘कावळा शिवला’ नको, ‘पाळी आली’ म्हणा
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील बोलणे)



बचतीचा हिशोब झाला, आता जरा वेगळं बोलू. आपल्या गावातही स्वमग्न मुली आहेत. कुणी त्यांना मंद म्हणतं, कुणी हट्टी. स्वमग्नता म्हणजे ऑटिझम. त्यात मेंदूची जडणघडणच वेगळी असते. पाळी मात्र तिलाही येतेच. मग आईला धडकी भरते, हिचं कसं निभवायचं?

पहिलं, बोलणं सरळ ठेवा. आपण म्हणतो ‘कावळा शिवला’. अशा पुष्कळ मुली शब्दाचा सरळ अर्थ घेतात. ती कावळाच शोधत बसेल! त्यापेक्षा सांगा, ‘पाळी आली. रक्त येतं. ही जखम नाही. काही दिवसांनी थांबतं.’ पहिली पाळी यायच्या आधीपासून, दर वेळी त्याच शब्दांत सांगा.

दुसरं, पॅडचं प्लास्टिक, वास, शिवण तिला खरोखर बोचतं. पॅड काढून फेकते तो हट्ट नव्हे. मऊ सुती कापड, वेगळं पॅड, असं बदलून बघा. जे चालेल तेच कायम ठेवा. पाळी नसतानाही थोडा वेळ लावून सवय करा. निकरमध्ये पॅड बसतं तिथे रंगीत दोऱ्याने खूण करा. बदलायची वेळ रोजच्या कामाला जोडा: उठल्यावर, जेवणाआधी, दुपारी, दिवेलागणीला, झोपताना. मोरीत क्रमाने चित्रं लावा: काढ, गुंडाळ, नवं लाव, हात धू.

तिसरं, दुखतंय हे तिला सांगता येईलच असं नाही. त्या दिवसांत ओरडली, डोकं आपटलं, जेवली नाही, तर पोट दुखत असेल. कॅलेंडरवर खूण करत जा आणि ते घेऊन डॉक्टरांकडे जा. तिला बाजूला तर बसवूच नका. रोजचा क्रम मोडला की तिचा त्रास वाढतो.

आता कळीची गोष्ट. ‘पिशवीच काढून टाका’ असा सल्ला देणारे भेटतात. १९९४ साली शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींच्या गर्भपिशव्या पुण्यात काढल्या गेल्या, तेव्हा महिला संघटनांनी आवाज उठवला होता. आज २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो, तिला समजावून, तिच्या मर्जीने होकार घेतल्याशिवाय मूल होण्याची क्षमता जाईल असा कोणताही उपचार करता येत नाही. पिशवी काढली म्हणून तिच्यावरचा अत्याचारही थांबत नाही, फक्त लपतो.

बायांनो, अशा मुलीची आई बैठकीला का येत नाही? लेकीजवळ बसायला कुणी नसतं म्हणून. पुढच्या महिन्यापासून आपण पाळीपाळीने बसू. कोण पहिली बसणार, ते आत्ताच वहीत लिहून घेऊ.