चेहऱ्याखाली काय लिहायचं?

(गणेशोत्सवातील छायाचित्र प्रदर्शनाच्या उद्घाटनावेळी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने आम्हां हौशी फोटोवाल्यांना मंडपाशेजारची खोली दिली आणि वर बोलायलाही सांगितलं. फोटो काढणाऱ्याने भाषण करू नये, असं आमच्यातल्याच एकाचं ठाम मत आहे. तरीही भिंतीवरच्या 21 फोटोंखाली काय लिहिलंय आणि काय लिहिलेलं नाही, याबद्दल थोडं सांगायला हवं.

गुढीपाडव्यापासून जमेल त्या रविवारी आम्ही सिल्वासा, आमली, मसाट, थेट खानवेलपर्यंत हिंडलो. आपलं गाव तसं गमतीचं. 2 ऑगस्ट 1954 ला इथलं पोर्तुगीज राज्य गेलं, पुढे कारखाने आले आणि कारखान्यांमागून सगळा देश आला. वारली, कोकणा, धोडिया मंडळी मूळची इथली. मग आपण मराठी, गुजराती, आणि यार्नच्या कारखान्यांत बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशातून आलेली पोरं. एकाच रिक्षात चार भाषा बसलेल्या असतात. या सगळ्यांचे चेहरे एका भिंतीवर आणावेत, एवढीच मूळ कल्पना होती.

कल्पना नवी नाही. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईत विल्यम जॉन्सन या फोटोग्राफरने मुंबईत राहणाऱ्या आणि मुंबईला येणाऱ्या लोकांचे फोटो काढून त्यांचे दोन खंड छापले, 1863 आणि 1866 मध्ये. माणसांचे फोटो वेगळे काढायचे, मुंबईची दृश्यं वेगळी काढायची आणि दोन्ही जोडून एक चित्र करायचं, अशी त्याची रीत होती. काम विलक्षण आहे. पगड्या, लुगडी, दागिने, बसण्याची ढब, सगळं त्यात टिपलेलं आहे. पण खाली मथळा असतो तो जातीचा किंवा जमातीचा. समोर बसलेला माणूस कोण, ते कळायला मार्ग नाही. त्याच काळात डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही मुंबईत फोटो काढत होते, म्हणजे कॅमेरा काही फक्त साहेबाच्या हातात नव्हता. पण नमुना म्हणून माणूस उभा करायचा, ही त्या काळाची नजरच होती.

जर्मनीतल्या ऑगस्ट झांडरचं नाव आमच्यातल्या एकाच्या तोंडी कायम असतं. शेतकरी, मिठाईवाला, वकील, बेकार, सगळ्यांचे फोटो त्याने सारख्याच अदबीने काढले. 1929 मध्ये त्यातल्या 60 फोटोंचं पुस्तक निघालं आणि 1936 मध्ये नाझींनी त्याचे छपाईचे ठसे नष्ट केले. राज्यकर्त्यांना हवा तसा जर्मन चेहरा त्यात दिसत नव्हता. पण तोही बहुतेक फोटोंखाली धंदाच लिहायचा, नाव नाही. आपल्याकडे गौतम राजाध्यक्षांनी काढलेले चेहरे सगळ्यांना पाठ आहेत. तिथे नाव लिहिण्याची गरजच नव्हती, ती माणसं आधीच नावाजलेली. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो वर्षानुवर्षं काढले. गटारात उतरलेला माणूस त्यांनी असा दाखवला की बघणाऱ्याला मान वळवता येऊ नये. आम्हांला तिथवर पोहोचायचं नव्हतं, पोहोचणारही नव्हतो. पण फोटोतला माणूस कोणाचा, हा प्रश्न मात्र तिथूनच घेतला.

हा प्रश्न पहिल्यांदा अडला तो एका यार्न कामगारापाशी. कारखान्यात कॅमेरा नेता येत नाही, म्हणून गेटबाहेर पाळी सुटल्यावर फोटो घ्यायचा ठरला. आम्हांला हवा होता गणवेश, त्यावर अडकलेले धाग्याचे तुकडे, रात्रपाळीचे डोळे. तो म्हणाला, थांबा, खोलीवर जाऊन येतो. परत आला तो इस्त्रीचा निळा शर्ट, हातात घड्याळ, केसांना पाणी लावून. फोटो गावाकडे आईला पाठवायचा होता. आमच्यात त्यावर बरीच वादावादी झाली. एकजण म्हणाला, हा तर लग्नाच्या स्थळासाठीचा फोटो झाला, यात कामगार कुठाय? दुसरा म्हणाला, बारा तास तो कामगार असतोच, आता बाराव्या तासानंतर तरी त्याला शर्ट निवडू दे. भिंतीवर निळ्या शर्टाचाच फोटो आहे. तो चांगला आहे असं आमचं मत आहे, तुम्ही बघा.

तांत्रिक बाजूचं थोडक्यात सांगतो. सगळे फोटो सावलीत, ओसरीवर किंवा दाराच्या उजेडात काढले आहेत, फ्लॅश नाही. मागे पांढरी चादर लावली की कॅमेरा तिचा उजेड मोजतो आणि सावळा चेहरा काळवंडतो, म्हणून राखाडी कापड वापरलं. नेम डोळ्यांवर. आणि माणूस उभा नाही, खुर्चीवर बसलेला. सगळ्यांना तीच लाकडी खुर्ची, भाजीवाल्या मावशींना, हेडमास्तरांना आणि मूर्तिकार काकांनाही. ती खुर्ची आम्ही टेम्पोत घालून खानवेलपर्यंत नेली आहे.

खानवेलच्या बाजूला एक वारली आजी बसल्या. वारली चित्रात माणसाला नाकडोळे नसतात. डोकं म्हणजे एक गोल, आणि माणूस ओळखायचा तो काय करतोय त्यावरून: नाचतोय, भात लावतोय, तारपा वाजवतोय. त्या घरात असं चित्र भिंतीवर होतं आणि आम्ही मात्र चेहरा मागत होतो. आजींना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी फोटोचं कारण स्वतःच सांगितलं: घरातलं माणूस गेलं की आधार कार्डावरचा फोटो मोठा करून हार घालतात, आणि त्यात कुणी ओळखू येत नाही. आपला नीट असावा. त्यांचा फोटो सगळ्यांत आधी छापून, फ्रेम करून घरी पोहोचवला. इथे आहे ती दुसरी प्रत.

मग खाली काय लिहायचं? आम्ही प्रत्येकाला विचारलं. काहींनी नाव सांगितलं, काहींनी नाव आणि गाव. एका नर्सताईंनी नुसतं ‘रात्रपाळी’ लिहायला सांगितलं. मूर्तिकार काका म्हणाले, गणपती बसेपर्यंत माझं नाव नको, त्याच्याकडे बघू दे लोकांना. जात किंवा जमात कुणाच्याच फोटोखाली आम्ही आपणहून लिहिलेली नाही. वारली आजींनी मात्र ‘वारली’ लिहा म्हणून सांगितलं, नावाच्या आधी. तसं लिहिलं आहे. जॉन्सनच्या पुस्तकातही बहुधा तसाच शब्द सापडेल, पण इथे तो त्यांनी सांगितलेला आहे.

परवानगी घेतली ती भिंतीपुरती. म्हणून या स्मरणिकेत हे फोटो नाहीत, नावंही नाहीत. जाहिरातदारांनी विचारलं, व्हॉट्सॲपवर टाकू का. तेही नको, अशी विनंती आहे. कुणाला हवंच असेल तर फोटोतल्या माणसाला विचारा, बहुतेक जण चालत जाण्याच्या अंतरावर राहतात.

पाहताना 21 मोजू नका, 20 भरतील. 17 व्या खिळ्यावर नुसतं राखाडी कापड आहे. त्या ताईंनी परवा निरोप पाठवला, घरच्यांना आवडलेलं नाही, काढा. फोटो काढला आणि प्रत त्यांच्या हाती दिली. विसर्जनानंतर बाकीचे 20 ही ज्याचे त्याला घरी जाणार आहेत. टेम्पो ठरलेला आहे, दोन जण बरोबर हवेत. नावं दाराशी नोंदवा.