जुळी कोकरे देणारी 'नारी सुवर्णा' मेंढी
(औसा येथील शेतकरी मेळाव्यातील भाषण)



आपण रानात मेंढ्या बसवतो, लेंडीखताचे मोल जाणतो. पण दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. ते दगावले की त्या विताची कमाई गेली.

यावर फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. चंदा निंबकर व सहकाऱ्यांनी संशोधन केले. बंगालच्या सुंदरबनातील गॅरोल मेंढी अंगाने लहान, पण जुळी-तिळी देणारी. तिच्यातील 'फेक-बी' जनुकामुळे एका माजात एकाहून अधिक स्त्रीबीजे सुटतात. संकर व निवड करून हा गुण दख्खनी मेंढीत आणला; तीच 'नारी सुवर्णा'.

या जातीचा मेंढा आणला म्हणून पहिल्याच वर्षी जुळी होत नाहीत. त्याच्या मादी कोकरांच्या वितापासून फरक दिसतो. जनुकाच्या दोन प्रती असलेला मेंढा हा गुण प्रत्येक कोकराला देतो. एकच प्रत असल्यास सरासरी निम्म्यांना. म्हणून रक्ततपासणी झालेलाच मेंढा घ्यावा.

मात्र जुळी म्हणजे दुप्पट नफा नव्हे. गाभणकाळ सुमारे पाच महिन्यांचा. शेवटच्या दीड महिन्यात पोटातील कोकरे झपाट्याने वाढतात. तेव्हा नुसत्या चराईवर भागत नाही. हरभऱ्याचे भुसकट, शेवरीचा पाला व थोडा खुराक द्यावा. व्याल्यावर तासाभरात दोन्ही कोकरांना चीक पाजावा.

तेव्हा आधी बांधावर शेवरी लावा, मेंढा मग आणा. एवढे सांगून थांबतो.