टाकून देण्याची विद्या

छायाचित्रणाचा विद्यार्थी प्रदर्शनाला जातो तो ‘हे कसे टिपले?’ हे पाहायला. परततो तो मात्र काय टाकावे हे शिकून. 1956 साली मुंबईच्या जहांगीर कलादालनात ‘द फॅमिली ऑफ मॅन’ हे गाजलेले प्रदर्शन आले होते. एडवर्ड स्टायकेन यांनी सुमारे 20 लाख छायाचित्रांतून 68 देशांतली 503 निवडली. म्हणजे भिंतीवरच्या एकेका चित्रामागे जवळजवळ चार हजार बाजूला राहिली! ती सारीच का वाईट होती? नव्हे, पण शेजारच्या चित्राशी ज्याचे नाते जुळेल, तेच तिथे शोभते.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. 2020 च्या जूनमध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले. आम्हीही चित्रे टिपली, आणि काठावरची एक म्हातारी मध्ये आली म्हणून त्यांतले एक बाजूला सारले. पुढे भिंतीसाठी पाच निवडायला बसलो, तेव्हा ध्यानात आले: रंग साऱ्यांत होता, लोणारचे माणूस त्या एकातच होते. टाकण्याची विद्या जरूर शिकावी; पण कोणाला टाकले, हे एकदा वळून पाहावे.